मोटारगाडीचा डॉलर आणि चांदीचा कस

१९२८ साली चीनच्या ग्वेइचौ प्रांताने चांदीचा एक डॉलर (चिनी युआनचं नाणं) पाडला. त्यावर ना कुणाचा चेहरा, ना ड्रॅगन. चक्क एक मोटारगाडी. प्रांतप्रमुख चौ शीचंग यांच्या काळात तिथे मोटाररस्ता झाला, त्याची ही आठवण. गाडीखालच्या गवताच्या पात्यांत त्यांच्या नावाची अक्षरं गुंफली आहेत, असं संग्राहक आवर्जून दाखवतात. हे नाणं लोकांना इतकं हवं असतं की बाजारात त्याच्या नकला भरपूर फिरतात. चीनच्या प्रजासत्ताक काळातल्या बहुतेक स्मारक डॉलरांची हीच गत आहे: सन यात्सेन यांचा १९१२चा, श्यू शीचांग यांचा १९२१चा, त्साओ खुन यांचा १९२३चा (तिघेही प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष). म्हणून किंमत किती, हा प्रश्न दुसरा. नाणं खरं आहे का, हा पहिला, आणि त्याचं बरंचसं उत्तर घरच्या टेबलावर मिळतं.

ही नाणी मुळातच कमी उरली आहेत. १९३४ मध्ये अमेरिकेने चांदी खरेदीचा कायदा केला, जगभर चांदी महागली आणि चीनमधली चांदी बाहेर वाहू लागली. नोव्हेंबर १९३५ मध्ये चीनने चांदीचं चलन सोडून कागदी नोटा स्वीकारल्या, जुने डॉलर परत घेतले गेले आणि मोठ्या प्रमाणात वितळले. त्यामुळे किती नाणी पाडली, या आकड्यावरून दुर्मीळता ठरवू नका. किती उरली आणि कोणत्या अवस्थेत, हे पाहायचं.

या डॉलरांचं प्रमाणित वजन जुन्या चिनी मापात सात छ्येन दोन फन, म्हणजे साधारण २६.८ ग्रॅम. व्यास ३९ मिलिमीटरच्या आसपास, कस ८९ ते ९० टक्के चांदी, उरलेलं मुख्यतः तांबं. चलनात झिजलेलं नाणं २६.५ ग्रॅम भरलं तर चिंता नको, पण २५ भरलं तर तिथेच थांबा. नुसत्या वजनावर मात्र भिस्त ठेवू नये. पितळेचं नाणं त्याच मापात केलं तर साडेबावीस ग्रॅमच भरतं, म्हणून नकली नाणं करणारा ते थोडं जाड करतो आणि वजन जुळवतो. व्हर्नियर कॅलिपरने (बारीक मापाच्या मोजपट्टीने) जाडी मोजली की हे उघड होतं; घनतेने तर हमखास.

घनता काढायला ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा लागतो. स्वयंपाकघरातला ०.१ ग्रॅमचा काटा इथे चालत नाही, कारण तपासायचा फरकच अर्ध्या ग्रॅमचा असतो. आधी कोरड्या नाण्याचं वजन घ्या. मग काट्यावर डिस्टिल्ड पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. बारीक नायलॉनच्या दोऱ्याने नाणं पाण्यात पूर्ण बुडेल असं टांगा. तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. काटा आता जो आकडा दाखवेल तो बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरडं वजन भागिले हा आकडा, म्हणजे घनता. ८९ टक्के कसाच्या २६.७० ग्रॅम नाण्याला सुमारे २.५९ आकडा येतो, म्हणजे घनता १०.३. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, चांदी नाहीच) असेल तर आकडा ३.०५च्या पुढे जातो आणि घनता ८.७च्या आसपास उतरते.

चुकतं ते बुडबुड्यांमुळे. कडेच्या खाचांत ०.०५ मिलिलीटर हवा अडकली तरी घनता १०.१ दिसते आणि खऱ्या नाण्यावर संशय येतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाणं हलकेच हलवा, तीनदा मोजून सरासरी घ्या. नंतर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढा आणि मऊ कापडावर ठेवून टिपा, पुसायचं नाही.

नकल खऱ्या चांदीचीच असेल तर घनता काही सांगत नाही. अशा वेळी दहापट भिंग आणि एकच दिवा पुरे. ठशाखाली धातू दाबला जातो तेव्हा तो केंद्राकडून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. न वापरलेलं नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात, ते या रेषांमुळे. ओतीव नकलेत त्या नसतात. तिथे बारीक खड्डे, गोलसर अक्षरं आणि कडेवर घासून बुजवलेला जोड दिसतो. खऱ्या नाण्यावरून ठसा उचलून पाडलेली नकल जास्त फसवी असते. मूळ नाण्यावरचा ओरखडा किंवा ठेच त्या ठशातून पाडलेल्या प्रत्येक प्रतीवर त्याच जागी उतरते. दोन विक्रेत्यांच्या फोटोंत एकाच जागी एकच ठेच दिसली तर दोन्ही सोडून द्या.

खरं नाणं असूनही फसवणूक होते ती सन यात्सेन यांच्या डॉलरमध्ये. १९१२चं स्मारक नाणं आणि १९२७ पासून पाडलेलं त्याचं भावंड सारखंच दिसतं. फरक मागच्या बाजूच्या ताऱ्यांत: १९१२च्या नाण्यावर ते पाच टोकांचे, नंतरच्यावर सहा टोकांचे. नंतरचं नाणं अमाप पाडलं गेलं आणि स्वस्त मिळतं. पाच की सहा, हे मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. वर्ष छापलेलं असेल तर ते प्रजासत्ताकाचं, म्हणजे १९१२ला पहिलं धरून मोजलेलं असतं. त्यात १९११ मिळवा. मोटारीच्या डॉलरवरचं सतरावं वर्ष म्हणून १९२८.

जुन्या चिनी डॉलरांच्या ढिगात कधीकधी मुंबईच्या टाकसाळीतला ब्रिटिश व्यापारी डॉलरही निघतो. चीनच्या बंदरांतल्या व्यापारासाठी १८९५ पासून पाडलेलं हे नाणं, ब्रिटानियाच्या त्रिशूळाच्या मधल्या टोकावर इंग्रजी बी अक्षर असलेलं. ते स्मारक नाणं नव्हे, पण आपल्याकडच्या संग्राहकाने ते ओळखायलाच हवं.

काळवंडलेलं नाणं उजळायचा मोह आवरा. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीचं सल्फाइड बनतं. थर काही दशक नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) झाला की प्रकाशलहरी एकमेकींत मिसळल्याने आधी पिवळसर, मग तांबूस, मग जांभळा-निळा रंग दिसतो. रंग या क्रमाने एकमेकांत मिसळत गेले असतील तर ते बहुधा नैसर्गिक. उजळायच्या द्रावणात हा थर जातो, पण सल्फाइडमधली चांदी नाण्याचीच असते, म्हणून त्या सूक्ष्म रेषांचे माथेही जातात. अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याच्या युक्तीत चांदी परत येते, पण भुसभुशीत, निस्तेज थर म्हणून. दोन्हीकडे चकाकी कायमची गेली. प्रमाणपत्र देणाऱ्या कंपन्या अशा नाण्याला प्रत दाखवणारी १ ते ७० मधली संख्या न देता नुसता शेरा देतात, आणि किंमत निम्म्याहूनही खाली येऊ शकते.

किंमत काढताना तळ ठरतो चांदीवर: २६.७ ग्रॅममध्ये सुमारे २३.८ ग्रॅम शुद्ध चांदी. त्यावरची रक्कम ठरवायला त्याच प्रकारच्या, त्याच प्रतीच्या नाण्यांचे गेल्या दोन-तीन वर्षांतले लिलाव पाहा. मागितलेली किंमत धरू नका, प्रत्यक्ष मिळालेली धरा, आणि त्यात खरेदीदाराचं कमिशन धरलंय का ते वाचा. प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीच्या सीलबंद डबीवर विसंबू नका, डब्याही नकली निघतात. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथल्या फोटोशी ओरखडे जुळवा.

चीनच्या आधुनिक पांडा नाण्यांत (पांडाचं चित्र असलेली, संग्रहासाठी पाडलेली) एक सोपी खूण आहे. २०१६ पासून चांदीचा नेहमीचा पांडा ३० ग्रॅमचा झाला, त्याआधी तो एक औंसाचा, म्हणजे ३१.१ ग्रॅमचा होता. १९८३ ते १९८५चे पांडे मात्र २७ ग्रॅमचे आणि ९० टक्के कसाचे. २०१८चं वर्ष आणि एक औंसाची अक्षरं एकाच नाण्यावर दिसली तर ते हातात घेऊ नका.

ठेवताना मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा. त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. तो वेळीच दिसला तर शुद्ध अ‍ॅसिटोनने जातो, नेलपॉलिश काढायच्या द्रावणाने नव्हे. पॉलिएस्टरची पाकिटं, हवाबंद डबा, आत सिलिका जेल. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद जवळही नको, कारण दोन्हींत गंधक असू शकतं. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी जूनच्या आधी सिलिका जेल बदलून घ्यावं.