रक्तशर्करेचे नियमन

रक्तशर्करेचे नियमन : रक्तातील ग्लुकोजची पातळी ठरावीक मर्यादेत राखणारी शरीराची व्यवस्था. निरोगी प्रौढाच्या रक्तद्रवात उपाशीपोटी दर डेसिलिटरला साधारणतः ७० ते १०० मिग्रॅ. ग्लुकोज असते. सगळ्या रक्ताचा हिशेब केला तर ते चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढे भरते. एकट्या मेंदूला मात्र दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. रक्तात असलेले सगळे त्याला जेमतेम तासभर पुरेल. म्हणून रक्तशर्करेकडे साठ्यापेक्षा सततची ये-जा म्हणून पाहणे अधिक युक्त ठरते.

भात, पोळी, पोहे यांतील पिष्टाचे विघटन तोंडातील लाळेपासून सुरू होते आणि लहान आतड्यात पुरे होते. ठाण्या-वाशीच्या घरांत एकादशीला होणारी साबुदाण्याची खिचडी पचनाच्या दृष्टीने भाताच्याच पंक्तीतली आहे, कारण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. वाशीच्या फळबाजारातून घरोघरी जाणाऱ्या पिकलेल्या हापूसमधील साखर बव्हंशी सुक्रोज असते. तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात व ते वेगवेगळ्या वाहकांमार्फत आतड्याच्या पेशींत शिरतात. ग्लुकोज सोडियमच्या जोडीने आत जाते, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडली. जुलाबात दिल्या जाणाऱ्या जलसंजीवनीचा शास्त्रीय पाया तोच आहे.

जेवणानंतर स्वादुपिंडातील (जुन्या मराठी ग्रंथांत ‘अग्निपिंड’) बीटा पेशी इन्शुलिन स्रवतात. त्याच्या संदेशाने स्नायू व मेदपेशींतील ‘ग्लुट–४’ हे वाहक आतून पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोजला वाट मिळते. स्नायूंना याखेरीज दुसराही मार्ग आहे. ठाणे स्थानकाचा जिना धावत चढणाऱ्याच्या मांड्यांत केवळ आकुंचनानेही हे वाहक वर येतात. रात्री जेवून तलावपाळीला फेरी मारण्याचा उपयोग त्यामुळेच होतो. मात्र स्नायूंत साठलेले सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन (ग्लुकोजचे रेणू जोडून बनलेला साठा) ग्लुकोजच्या रूपात थेट रक्तात परत येऊ शकत नाही, कारण ग्लुकोज–६–फॉस्फेटेज हे एंझाइम तिथे नसते. रक्ताला ग्लुकोज परत देण्याचे काम मुख्यतः यकृत करते, थोडेफार मूत्रपिंडे.

यकृत साखर तयार करते हे मान्य व्हायला बराच काळ गेला. १८४० च्या दशकात द्यूमा प्रभृती फ्रेंच रसायनज्ञांचे मत असे की साखर वनस्पती बनवतात, प्राणी ती फक्त जाळतात. क्लोद बेर्नार यांनी १८४८ च्या सुमारास केवळ मांसावर ठेवलेल्या कुत्र्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर दाखवली. ती आधीच्या आहारातून साठलेली असेल, असा आक्षेप आला. १८५५ मध्ये त्यांनी काढलेले यकृत पाण्याच्या धारेने साखरेचा अंशही न उरेपर्यंत धुतले आणि ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा भरपूर साखर आढळली. १८५७ मध्ये त्यांनी यकृतातून ग्लायकोजेन वेगळे केले. जर्मनीत व्हिक्टर हेन्झेन यांनीही त्याच सुमारास ते स्वतंत्रपणे मिळवले. तरीही बेर्नार यांच्याच हाताखाली शिकलेले लंडनचे फ्रेडरिक पेव्ही आयुष्यभर म्हणत राहिले की ही साखर मृत्यूनंतर तयार होते, जिवंत यकृतात नाही. पेव्हींचे निरीक्षण खरे होते: मृत्यूनंतर ग्लायकोजेन झपाट्याने फुटते, आणि बेर्नार यांच्या सुरुवातीच्या मोजमापांवर त्याचा परिणाम झाला असावा. पेव्हींचा निष्कर्ष मात्र टिकला नाही. १९२१ च्या सुमारास अमेरिकेतील संशोधक मान यांनी यकृत काढलेल्या कुत्र्यांची रक्तशर्करा काही तासांत कोसळते आणि ग्लुकोज दिल्यावर ते तात्पुरते सावरतात, हे दाखवले. त्यानंतर बेर्नार यांचीच बाजू ग्राह्य मानणे भाग आहे.

रात्री यकृतातील सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन हळूहळू खर्ची पडते. सोबत लॅक्टेट, ग्लिसरॉल व अमिनो आम्लांपासून नवे ग्लुकोज बनत राहते. स्नायूंतील लॅक्टेट यकृतात येऊन ग्लुकोज होण्याचे चक्र कोरी दांपत्याच्या नावाने ओळखले जाते (नोबेल पारितोषिक १९४७). स्वादुपिंडातलेच दुसरे संप्रेरक ग्लुकागॉन यकृताच्या या कामाला चालना देते, इन्शुलिन आवर घालते. पहाटे कॉर्टिसॉल व वृद्धी संप्रेरकाच्या प्रभावाने यकृताचा पुरवठा वाढतो. मधुमेह्याचे इन्शुलिन तेव्हा पुरे पडत नाही. “रात्री काहीच खाल्लं नाही, तरी सकाळची शुगर जास्त कशी?” हा ठाण्यातल्या दवाखान्यांत हमखास ऐकू येणारा प्रश्न बहुधा इथे सुटतो. तो विचारणाऱ्यावर चोरून खाल्ल्याचा संशय घेणे अन्यायाचे आहे.

इन्शुलिनच्या शोधाचे श्रेय सहसा टोरोंटो येथील बँटिंग, बेस्ट, कॉलिप व मॅक्लाउड यांना देतात (१९२१–२२). बुखारेस्टच्या पाउलेस्कू यांनी स्वादुपिंडाच्या अर्काचा असाच परिणाम ऑगस्ट १९२१ मध्ये प्रसिद्ध केला होता. प्रकाशनाचा अग्रक्रम त्यांचा, रुग्णाला उपयोगी पडेल असे शुद्धीकरण टोरोंटोचे, अशी विभागणी रास्त वाटते. ‘इन्शुलिन’ हे नाव तर त्याआधीचे, द मेयर यांनी १९०९ मध्ये सुचवलेले.

रक्तशर्करा दर डेसिलिटरला सुमारे १८० मिग्रॅ.च्या वर गेली की मूत्रपिंडे सगळे ग्लुकोज परत शोषू शकत नाहीत व ते लघवीत उतरते. अशा लघवीकडे मुंग्या धावतात, ही नोंद चरकसंहितेत आहे. सुश्रुतसंहिता प्रमेहाचे (आयुर्वेदातील मूत्रविकारांचा एक गट) सहज (जन्मजात) आणि अपथ्यनिमित्तज (चुकीच्या आहारविहाराने होणारा) असे दोन प्रकार सांगते. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा बहुधा स्थूल. आजच्या टाइप १ व टाइप २ शी त्यांची जोड लावण्याचा मोह अनेकांना झाला आहे. पण या संहितांवर अनेक शतके संस्कार होत गेले, त्यांचा काळ इ. स. पू. काही शतकांपासून इ. स. च्या आरंभीच्या शतकांपर्यंत वेगवेगळा धरला जातो, आणि प्रमेहात मधुमेहाखेरीज मूत्राचे इतरही विकार येतात.