स्थानिक इतिहासाचे जतन (ठाणे शहर)

ठाण्याच्या जुन्या वस्तीविषयीचा कोरीव, कागदी व मौखिक पुरावा नोंदवून ठेवण्याची आणि तो पुरवणाऱ्या जुन्या रहिवाशांचे श्रेय त्यांच्या नावानिशी जपण्याची पद्धत. चेंदणी कोळीवाडा, महागिरी, उथळसर व टेंभी नाका ही तिची प्रमुख क्षेत्रे.

नामोत्पत्ती : शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ (इ. स. १०१७) चा ताम्रपट १७८७ मध्ये ठाणे किल्ल्यात पाया खणताना सापडला. त्यात 'श्रीस्थानक' येथील रहिवाशांना उद्देशून आज्ञा आहे. गावच्या लोकांना संबोधणारा हा लेख म्हणूनच स्थानिक इतिहासात मोलाचा. 'श्री' हे आदरार्थी पद, आणि 'स्थानक' – 'ठाण' – 'ठाणे' हा बदल प्राकृताच्या नियमांस धरून आहे. लष्करी ठाण्यावरून नाव पडले, ही समजूत बहुधा किल्ल्यामुळे रूढ झाली असावी. मात्र किल्ल्याचे काम पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास आरंभले, तर ताम्रपट त्याहून सुमारे सात शतके आधीचा. अकराव्या शतकातील विद्वान प्रवासी अल्-बिरूनीही 'ताना' हेच नाव देतो. शिलाहारांची 'पुरी' ही राजधानी कोणती, यावर एकमत नाही. घारापुरी हे बेट राजधानीस अपुरे वाटते. जंजिऱ्याजवळील राजापुरी हा पर्याय अधिक पटणारा आहे.

कोरीव लेख : शिलाहार व यादवकालीन गधेगाळींवर (दान मोडणाऱ्यास शाप देणाऱ्या उभ्या शिळांवर) माथ्याशी चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली शापाचे शिल्प असते. ठसा घेण्यापूर्वी दगड पाण्याने व मऊ कुंचल्याने धुतात. तारेचा ब्रश किंवा आम्ल वापरल्यास अक्षरांच्या कडा झिजतात. ओला, बिनखळीचा जाड कागद दगडावर पसरून ताठ केसांच्या ब्रशने मध्यापासून कडांकडे ठोकतात, म्हणजे हवेचे फुगे निघून जातात. कागद अर्धवट सुकला की काजळीची शाई बोळ्याने हलकेच टिपतात. घाई केल्यास शाई फुटून काना-मात्रा बुजतात. कागद ओला असताना ओढल्यास तो ताणला जाऊन अक्षरांची मापे चुकतात. संरक्षित वास्तूंसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. शेंदूर चढवलेल्या, पूजेतल्या दगडाचा शेंदूर खरवडू नये. तेथे अंधारात विजेरी दगडाला जवळजवळ समांतर धरून छायाचित्रे घ्यावीत. तिरप्या उजेडात बुजलेली अक्षरेही उठून दिसतात.

कागदपत्रे : सातबारा, फेरफार, मिळकत पत्रिका, लग्नपत्रिका व घरगुती छायाचित्रे. छायाचित्र ६०० डीपीआयवर स्कॅन करतात. मागील मजकूरही घेतात. लॅमिनेशन कधीही करू नये : उष्णतेने प्रत बिघडते आणि ते पुढे सोडवता येत नाही. अल्बम शक्यतो मालकाच्या घरीच स्कॅन करावा.

मौखिक नोंद : एक बैठक पाऊण तासाची पुरे. पंखा बंद ठेवावा. त्याची घरघर नंतर पूर्ण काढता येत नाही. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असावा. वृद्धांना सन क्वचितच आठवते, म्हणून ठाऊक घटनेशी सांधा जुळवतात : १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतील स्फोट, १९७२ चा दुष्काळ, २६ जुलै २००५ चा पूर. 'स्फोट झाला तेव्हा आई मला कडेवर घेऊन धावली' एवढ्या वाक्यावरूनही वय ठरवता येते. 'खाजण' (खाडीकाठची खारी जमीन), 'उघाडी' (बांधातले पाण्याचे दार), 'डोल' (पिशवीसारखे मासेमारीचे जाळे) हे शब्द जसे उच्चारले तसेच लिहावेत. प्रमाण मराठीत आणले की मिठागर, खाडी व मासेमारी यांचे ज्ञानच पुसले जाते. मूळ ध्वनिमुद्रण दाबरहित (फाइलचा आकार न आटवता) ठेवून तीन प्रती कराव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या घरी.

श्रेय : शाल-श्रीफळ हा रूढ सन्मान. तो योग्यच, पण त्यातून माहिती उरत नाही. सांगणाऱ्याचे पूर्ण नाव, आळी व व्यवसाय त्याच्या संमतीने प्रत्येक नोंदीवर लिहावे, आणि लेखी उतारा प्रसिद्धीपूर्वी त्याला वाचून दाखवावा. स्त्रियांची माहिती बहुधा सासरच्या नावाखाली जमा होते आणि माहेरचे गाव गळते. आगरी समाजातील धवलारणीबाबत (लग्नात धवले, म्हणजे विधिगीते, गाणाऱ्या स्त्रीबाबत) ही चूक विशेष नुकसान करते : लग्नातले धवले ती थोरल्या बायकांकडून शिकलेली असते, आणि कोणत्या गावची चाल आहे, हे तिने ते कोठे ऐकले यावरूनच कळते.

नवी मुंबई : १९७० मध्ये सिडकोची (नवी मुंबई वसवणाऱ्या शासकीय महामंडळाची) स्थापना झाल्यावर ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. दिवाळे, सारसोळे, करावे येथील गावठाणांत हीच पद्धत लागू पडते. संपादनापूर्वीचे बांध व शेतांची नावे तेथे प्रथम नोंदवावीत.