ट्रेलरची बॅटरी वाटेत भरत का नाही?

सारंगखेड्याच्या यात्रेत चार-पाच दिवस मुक्काम ठोकायचा म्हटलं की ट्रेलरमध्ये पंखा, दोन एलईडी दिवे आणि छोटा कंप्रेसर फ्रिज आलाच. 12 व्होल्टवर त्यांचा रोजचा खर्च साधारण 60 ॲम्पिअर-तास. जळगावहून गाडी तीन-चार तास धावणार, तेवढ्यात ट्रेलरची बॅटरी भरायला हवी. ती अर्धवट राहते आणि बोल बॅटरीला लागतो. दोष बहुतेक वेळा वायरचा असतो.

बोनेटपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत सहज 7 मीटर वायर लागते, जाऊन-येऊन 14. ट्रेलरच्या दिव्यांना वापरतात ती 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरमागे सुमारे 8 मिलिओहम अडथळा करते, म्हणजे एकूण 0.11 ओहम. 15 ॲम्पिअर वाहायला लागले की 1.7 व्होल्ट वाटेतच गळतात. अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचे, 14.2 व्होल्ट पलीकडे 12.5 उरतात, आणि लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरायला हवेत 14.4! मग बॅटरी जसजशी भरते तसतसा करंट आटत जातो, शेवटी दोन-तीन ॲम्पिअरवर रेंगाळतो. 16 चौरस मिलिमीटरची केबल घातली तर हीच तूट पाव व्होल्टवर येते.

पण बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) अनेक गाड्यांत केबल जाड असूनही भागत नाही. इंधन वाचवायला गाडीचा संगणक अल्टरनेटरचा व्होल्टेज मुद्दाम उतरवतो. अशा वेळी दोन्ही बॅटऱ्या नुसत्या जोडून देणारा साधा रिले (विजेवर चालणारा स्विच) कुचकामी. डीसी-टू-डीसी चार्जरच लावावा, तोही ट्रेलरच्या बॅटरीला खेटून. कमी व्होल्टेज आलं तरी तो 14.4 करून देतो. 20 ॲम्पिअरचा चार्जर गाडीकडून 26 च्या आसपास ओढतो, म्हणून केबलला 40 ॲम्पिअरचे फ्यूज दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरात. दोन्हीकडे बॅटरी आहे. केबल कुठेही घासून शॉर्ट झाली तर आग दोन्ही बाजूंनी लागू शकते. चार्जरची सिग्नल वायर इग्निशनला जोडा, नाहीतर गाडी उभी असताना तिचीच बॅटरी उतरेल. निगेटिव्हची केबलही स्वतंत्र हवी. हुकच्या गंजक्या लोखंडावर अर्थ सोडू नये.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो. लेड-ॲसिडचा चार्जिंग व्होल्टेज 25 अंशांच्या वर दर अंशाला सुमारे 24 मिलिव्होल्टने कमी करावा लागतो. 45 ला तो 13.9 वर येतो. 14.4 च ठेवला तर पाणी भराभर उडतं, प्लेटा झिजतात. म्हणून टेंपरेचर सेन्सरवाला चार्जर घ्या आणि सेन्सर बॅटरीलाच चिकटवा. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी नेणार असाल तर पेटीला बाहेर उघडणारं भोक ठेवा, चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो.

जोडणी झाल्यावर इंजिन आणि चार्जिंग चालू ठेवून व्होल्टमीटर आधी गाडीच्या बॅटरीवर, मग चार्जरच्या इनपुटवर लावा. 16 चौरस मिलिमीटरच्या केबलवर फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त दिसला तर इंजिन बंद करून एकेक लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) आणि प्लग चाचपून बघा. हातोडीने ठोकून बसवलेली लग हमखास गरम लागते. ती कापून टाका आणि नवी हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या.