सायकलस्वाराचा रस्ताहक्क (ग्रामीण विदर्भ)

सार्वजनिक रस्त्यावर मोटारींसोबत सायकल चालवण्याचा अधिकार व त्याला जोडून पाळले जाणारे संकेत.

या हक्काच्या मुळाविषयी मतभेद आहेत. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 2(28) मधील व्याख्येत यंत्रशक्तीवर चालणारी वाहनेच येतात. त्यामुळे सायकलीला नोंदणी, परवाना, विमा लागत नाही. यावरून सायकलस्वाराला रस्त्यावर फक्त मुभा आहे, हक्क नाही, असे काही जण मानतात. हे मत टिकण्यासारखे नाही. रस्त्याने जाण्या-येण्याचा हक्क मोटारीपेक्षा जुना आहे. 1914, 1939 व 1988 च्या मोटार कायद्यांनी मुख्यतः मोटारचालकावर बंधने घातली. 1988 च्या कायद्यात 2019 मध्ये आलेले कलम 138(1अ) बिगरयांत्रिक वाहनांच्या नियमनासाठी राज्याला नियम करू देते, म्हणजे त्यांचा वावर गृहीतच धरते. 0.25 किलोवॉटहून कमी शक्तीची व ताशी 25 किमीहून कमी वेगाची विजेची सायकलही, वजन, ब्रेक आदी अटी पाळल्यास, मोटार वाहन ठरत नाही. बेदरकारपणाविषयीचे भारतीय न्याय संहितेचे कलम 281 मात्र ‘कोणत्याही वाहना’ला, म्हणून सायकललाही लागू आहे.

खरा पेच रस्त्याच्या रुंदीचा. ग्रामसडक योजनेतील डांबरी पट्टा बहुधा 3.75 मीटरचा असतो. रेतीचा टिप्पर सुमारे अडीच मीटर अडवतो. सायकलला उरतो सव्वा मीटर. डांबराची कड जागोजागी तुटलेली आणि साइडपट्टी खाली गेलेली असते. पावसाळ्यात खाली उतरले की काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसते व सायकल ढकलणेही जड जाते. म्हणून डांबर सोडायचे कोणी, याचे उत्तर सोपे आहे: मोटारीने वेग कमी करावा, सायकलला आधी निघू द्यावे, मागून कर्कश हॉर्न देऊ नये, रात्री डिपर द्यावा (दिव्याचा झोत खाली करावा). सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर आठवी ते बारावीच्या मुली याच रस्त्यांनी शाळेत जातात. सायकलस्वाराने डावी कड धरावी, हात दाखवून वळावे, मागे लाल परावर्तक लावावा. पांदणीवर (शेताकडे जाणाऱ्या वाटेवर) बंडीला, म्हणजे बैलगाडीला, वाट देण्याची रीत जुनीच आहे.

समृद्धी महामार्गावर सायकलला प्रवेश नाही.

अपघात झाल्यास जखमीला उपचार मिळवून देणे मोटारचालकावर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 134 नुसार बंधनकारक आहे. सायकलस्वार त्याच अधिनियमाच्या कलम 166 खाली भरपाईचा दावा करू शकतो. धडक देऊन वाहन पळाल्यास 2022 पासून मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये भरपाई ठरलेली आहे.