जुनं बेसबॉल कार्ड म्हणजे घबाड नव्हे

"बेसबॉलची कार्डं तीस-चाळीस वर्षं जुनी झाली की आपोआप हजारो डॉलरची होतात," हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. ही कार्डं म्हणजे अमेरिकेत पाकिटांतून विकली जाणारी, बेसबॉल खेळाडूंची चित्रं असलेली संग्रहाची कार्डं.

तो कुठून आला हे समजण्यासारखं आहे. १९५०च्या दशकातली अनेक कार्डं खरोखरच महाग आहेत, पण ती उरली थोडी म्हणून. पोरांनी ती सायकलच्या चाकाच्या तारांत अडकवून फडफडवली, आयांनी साफसफाईत टाकून दिली. पुढे त्यांचे भाव चढले, तेव्हा १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९०च्या सुरुवातीपर्यंत कंपन्यांनी बेसुमार कार्डं छापली आणि लोकांनी पाकिटंही न फोडता ती जपून ठेवली. सगळ्यांनीच जपलं, मग दुर्मीळ काय राहणार? त्या काळातली बहुतेक कार्डं आज काही सेंटांना जातात.

तपासणं सोपं आहे. कार्ड उलटा. मागे बारीक अक्षरांत वर्ष असतं. नसेल तर तिथे छापलेल्या खेळाडूच्या आकडेवारीतला शेवटचा हंगाम बघा. कार्ड बहुधा त्याच्या पुढच्या वर्षीचं. मग कोपरे बोथट झालेत का, रबरबँडचा वळ उठलाय का, चित्राभोवतीची पट्टी चारही बाजूंना सारख्याच रुंदीची आहे का, ते पाहा. आणि ऑनलाइन लिलावात मागितलेली किंमत नव्हे, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या कार्डांची यादी उघडा.

कार्डांच्या अदलाबदलीला बसण्याआधी दोघांनीही ती यादी बघावी. "जुनीच आहेत ना," एवढ्यावर १९५२चं एक कार्ड देऊन १९९०ची शंभर घेणारं नवखं पोरगं मला खरंच बघवत नाही.