टाकळ्याचे बी आणि गोवा पावडर

पावसाळ्यात टाकळ्याची भाजी बाजारात आली की, त्याचे बी लिंबाच्या रसात किंवा आंबट ताकात वाटून नायट्यावर लावण्याचा सल्लाही व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. तो निराधार नाही, परंतु त्याचा आधार किती पक्का आहे हे तपासायला हवे.

नायटा हा बुरशीचा संसर्ग आहे आणि ही बुरशी त्वचेच्या वरच्या, मृत थरातील केराटिन या प्रथिनावर जगते. टाकळ्याच्या बियांतून वेगळे केलेले क्रायसोफॅनिक आम्लाचे अँथ्रोन हे द्रव्य अशा बुरशींची वाढ रोखते, असे १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले; मात्र त्यासाठी बुरशी वाढवण्याच्या द्रवात क जीवनसत्त्व मिसळावे लागले. याचे कारण त्या रेणूच्या रचनेतच आहे. त्यात कार्बन अणूंची तीन कडी एकमेकांना जोडलेली असतात आणि मधल्या कड्यातील एका कार्बनवरचे दोन हायड्रोजन सहज सुटणारे असतात. हवेतील ऑक्सिजन ते हिरावून घेतो, त्यातून मुक्त मूलके (अतिशय क्रियाशील कण) तयार होतात आणि अँथ्रोनचे क्विनोन हे वेगळे संयुग होते, म्हणजे मूळ द्रव्यच संपते. क जीवनसत्त्व हा ऱ्हास थोपवते. मात्र एवढ्यावरून लिंबाचा रस वापरणाऱ्या पूर्वजांना हे रसायनशास्त्र ठाऊक होते असे म्हणणे, हा पुराव्याशी केलेला अन्याय ठरेल.

एकोणिसाव्या शतकात नायट्यावर वापरल्या जाणाऱ्या ‘गोवा पावडर’मध्येही मुख्यतः हाच रेणू होता. ती मुळात ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडातून निघे आणि पोर्तुगीजांमार्फत गोव्यात येई. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बॅल्मॅनो स्क्वायर यांनी १८७६च्या सुमारास ती नायटा समजून एका रुग्णाला दिली. त्याला प्रत्यक्षात सोरायसिस, म्हणजे बुरशीशी संबंध नसलेला, खवले धरणारा त्वचारोग होता आणि तोच कमी झाला. पुढे १९१६मध्ये तिच्या धर्तीवर डिथ्रॅनॉल हे कृत्रिम औषध आले, जे सोरायसिसवर आजही वापरतात. ते त्वचेची आग करते आणि कपड्यांवर न जाणारे डाग पाडते. या दोन्हींच्या मुळाशी हेच ऑक्सिडीकरण आहे.

घरी वाटलेल्या बियांत अँथ्रोन किती आहे आणि त्यातले किती टिकले, हे कळत नाही. आग मात्र होऊ शकते. शिवाय भारतात सध्या पसरलेल्या ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ या बुरशीवर टर्बिनाफिनसारखे नेहमीचे बुरशीनाशक औषधही अनेकदा चालत नाही, कारण ते बुरशीच्या ज्या विकराला (एन्झाइमला) रोखते त्याच्या जनुकातच बदल झालेला असतो. अशा नायट्यावर घरचा लेप लावत आठवडे घालवू नयेत आणि दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलमही आणू नये, कारण त्याने खाज थांबते आणि बुरशी पसरत राहते. त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घेऊन औषधाचा पूर्ण काळ पाळावा.