दिपलेले डोळे आणि गेलेली नजर: एका भीतीची पार्श्वभूमी

लख्ख उजेड एकदम डोळ्यांवर आला की नजर कायमची अधू होते, ही भीती आपल्याकडे घरोघर आहे. बाळाचा फोटो काढताना ‘फ्लॅश नको रे’ म्हणणारी आजी गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर भेटेल. या धास्तीचं मूळ बहुधा सूर्यग्रहणात आहे.

16 फेब्रुवारी 1980, शनिवार. खग्रास ग्रहणाची सावली आपल्याला लागूनच, कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून देशात शिरली. त्या दुपारी देशभर लोक दारं-खिडक्या लावून बसले. ज्यांना राहवलं नाही त्यांनी काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म नाहीतर परातीतलं पाणी गाठलं. पाण्यात बघण्याचा सल्ला फार जुना, प्लेटोने तो सॉक्रेटिसच्या तोंडी घातलाय. पण सूर्य माथ्यावर असताना पाणीही सुमारे 2 टक्के उजेड परत फेकतं. प्रमाणित ग्रहणचष्मा जेमतेम 0.003 टक्के आत सोडतो.

एरवी भर दुपारी सूर्याकडे नजर गेली तर पाव सेकंदात पापणी मिटते, मान वळते. हे दिपणंच आपल्याला वाचवतं. ग्रहणात उजेड मंदावतो, माणूस टक लावून बघत राहतो, आणि दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याला, वेदना कळतच नाही. काही तासांनी वाचायला बसलं की अक्षराच्या बरोबर मध्यावर डाग दिसतो.

पडदा भाजल्यामुळे हे होतं, असं बराच काळ मानलं जाई. 1966 मध्ये संशोधक वर्नर नोएल यांनी उंदरांना तासन् तास साध्या उजेडात ठेवलं. काही न भाजताही पडदा खराब झाला. 1976 मध्ये माकडांवरच्या प्रयोगांत निळा प्रकाश सर्वांत घातक ठरला. त्याच्या कितीतरी आधी जर्मनीचे नेत्रतज्ज्ञ गेर्ड मायर-श्विकेराट यांनी 1945 च्या ग्रहणात भाजलेला पडदा तपासला आणि तशाच तीव्र उजेडाने निसटू पाहणारा पडदा डागून चिकटवण्याची वाट शोधली. आज मधुमेही रुग्णाच्या डोळ्यांवर होणारे लेझर उपचार त्याच वाटेने आले.

मांडवी पुलावर समोरून येणाऱ्या हाय बीमने पडदा जात नाही. दृष्टिपेशींतलं रंगद्रव्य विरतं, ते पुन्हा भरतं. अपघाताचा धोका मात्र खरा.

वेल्डिंगचं निराळं. मालीमच्या जेटीवर ट्रॉलरच्या डागडुजीत काचेशिवाय उभ्या राहिलेल्या पोराला दिवसा काही जाणवत नाही. मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन तो उठतो, पाणी थांबत नाही. अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा थर दुखावलेला असतो; एक-दोन दिवसांत तो बहुधा भरून येतो.

क्षणभराच्या उजेडाची भीती खऱ्या अर्थाने खरी ठरली ती 1960 मध्ये लेझर आल्यावर. ताकदवान झोत पापणी मिटायच्या आत पडद्यावर भोक पाडू शकतो. म्हणूनच आंधळं करणाऱ्या लेझर शस्त्रांवर 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी आली. मिरवणुकांतल्या लेझरकडे लक्ष जायला मात्र फार उशीर झाला; पुण्यात पोलिसांनी 2024 च्या गणेशोत्सवात त्यावर बंदी घातली. आपल्याकडे चवथीच्या विसर्जनाला पोरं बापाच्या खांद्यावर बसलेली असतात, म्हणजे गर्दीत सगळ्यांत उंच डोळे त्यांचे. तिथे लेझरचा झोत माणसांच्या अंगावर उतरताच कामा नये.